सीजे३बी ला डिझेल इंजिन बसवायचंय, जुना टी-९० गिअरबॉक्स चालेल का? टोकन देण्याआधी काय काय मोजू?

भोरचा_सीजे

नमस्कार मंडळी. घरी वडिलांनी घेतलेली १९७४ ची महिंद्रा सीजे३बी आहे. पेट्रोल हरिकेन इंजिन, तीन गिअरचा टी-९० बॉक्स, त्याला चिकटून स्पायसर १८ ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी), फोर बाय फोर आजही व्यवस्थित लागतं. चेसिस चांगली आहे कारण गाडी कायम छपराखाली होती. पण इंजिन गेलंय. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटपासून ब्लॉकला तडा गेलाय, हेड काढलं की डोळ्यांना दिसतो. पाणी कमी होतं आणि ऑइल दुधाळ होतं.

गाडी विकायची नाहीये हे आधीच सांगतो. पावसाळ्यात वरच्या खाचरांपर्यंत हीच जाते, खत, रोपं, मोटर सगळं हिच्यातूनच, आणि अधूनमधून पुण्याला एखादी चक्कर.

आता दोन सौदे समोर आलेत. एका भंगारवाल्याकडे पेजो एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन आहे, चालू अवस्थेत काढलेलं, पण नुसतं इंजिन, मागचं हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं, क्लचवरचं कवच) आणि गिअरबॉक्स आधीच कोणीतरी घेऊन गेलंय. दुसरीकडे अपघातातल्या बोलेरोचं एमडीआय डिझेल इंजिन आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स, बोलेरो टू व्हील ड्राइव्ह होती. आमचा मेस्त्री म्हणतो दोन्ही महिंद्राचीच आहेत, एकमेकांना बसतात, थोडंफार वेल्डिंग केलं की झालं. मेस्त्री चांगला आहे, हात चांगला आहे त्याचा, पण हे काम त्याने आधी केलेलं नाही. भंगारवाले दोघंही टोकन मागतायत. पैसे देण्याआधी मी तिथे जाऊन नेमकं काय काय बघू, काय मोजू, हे कोणी नीट सांगेल का? टी-९० ठेवता आला तर मला हवाय कारण तो आत्ताच उघडून बेअरिंगं बदललीत.

उद्यमनगर_लेथ

दादा टोकन देऊ नका अजून.

पहिलं म्हणजे दोन्ही महिंद्राची म्हणून बसतात हे डोक्यातून काढा. कंपनी एक असली तरी इंजिनांची घराणी तीन वेगळी आहेत. हरिकेन हे अमेरिकन विलीजचं. एक्सडीपी फ्रेंच पेजोचं, ९० एमएम बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८३ स्ट्रोक (पिस्टनची चाल), २११२ सीसी. आणि एमडीआय २५२३ सीसी ची बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६, म्हणजे बरोब्बर साडेतीन इंच आणि चार इंच, कारण ते जुन्या इंटरनॅशनलच्या ट्रॅक्टर इंजिनाच्या वंशातलं आहे. ब्लॉकच्या पाठीवरची भोकं कुठे आहेत ते बॉनेटवरच्या नावावरून ठरत नाही, ब्लॉक कुठल्या घराण्याचा त्यावरून ठरतं.

आता टी-९० ठेवायचा म्हटलं तर तुमचा बॉक्स विलीजच्या बेल हाउसिंगला बसतो आणि एक्सडीपीच्या पाठीला एक्सडीपीचं हाउसिंग लागतं. म्हणजे मध्ये अ‍ॅडॉप्टर आलं. नुसतं इंजिन म्हणून ते स्वस्त वाटतंय, पण फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, स्टार्टर हे त्या इंजिनाचंच सोबत आहे का ते विचारा. हाउसिंग गेलंय म्हणजे स्टार्टर बसायची जागाच गेलीय हे लक्षात घ्या. हे सगळं नंतर एकेक शोधायला लागलात तर इंजिनाच्या किमतीच्या वर जाईल.

अ‍ॅडॉप्टर प्लेट करून देणारे आमच्या कोल्हापुरात भरपूर आहेत, मीही केल्यात. पण भोकं जुळली म्हणजे काम झालं असं नसतं, लोक इथेच फसतात. बोल्ट फक्त आवळून धरतात, जागेवर आणतात त्या डॉवेल पिना, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या गोल खुंट्या. क्रँकचं सेंटर आणि गिअरबॉक्सच्या टॉप शाफ्टचं (पुढे क्लचमध्ये जाणाऱ्या दांड्याचं) सेंटर एका रेषेत पाहिजे. कसं बघायचं तर हाउसिंग आणि प्लेट ब्लॉकला आवळायची, क्लच न बसवता डायल गेजचा मॅग्नेट फ्लायव्हीलवर ठेवायचा, सुई हाउसिंगच्या मागच्या मोठ्या गोल बोअरला आतून टेकवायची आणि क्रँक हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवायचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुई एकूण पाच थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आत हलली पाहिजे. मग तीच सुई हाउसिंगच्या फेसवर लावून परत एक फेरा, म्हणजे प्लेट वाकडी घासली गेलीय का ते कळतं. जास्त आलं तर प्लेट परत मशीनवर चढवायची, वेल्डिंगने हे सुधारत नाही, उलट गरम होऊन फेस अजून ओढला जातो.

दुसरं टॉप शाफ्ट. टी-९० ला १० स्प्लाइन (शाफ्टवरच्या उभ्या खाचा) आणि जाडी एक इंच एक सूत, साधारण २८.६ एमएम. क्लच प्लेट म्हणजे दोन घरांची सोयरीक आहे, मधलं हब गिअरबॉक्सला जुळलं पाहिजे आणि बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलला. हब कापून दुसऱ्या प्लेटला रिव्हेट मारून देणारे आहेत, चांगल्या माणसाकडून करून घ्या.

तिसरं लांबी, आणि हे कोणीच मोजत नाही. शाफ्टचं पुढचं टोक क्रँकच्या पायलट बुशात (क्रँकच्या मागच्या भोकातलं, त्या टोकाला आधार देणारं बुश) गेलं पाहिजे, पण तळाला टेकता कामा नये. प्लेटच्या जाडीमुळे बॉक्स मागे सरकतो आणि टोक बुशापर्यंत पोचतच नाही, किंवा उलट हाउसिंग आखूड असेल तर टोक क्रँकला आत ढकलतं आणि क्रँकला पुढेमागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर खाल्ले जातात. व्हर्नियरने दोन मापं घ्या, गिअरबॉक्सच्या फेसपासून टोक किती बाहेर आहे आणि हाउसिंगच्या मागच्या फेसपासून बुशाचं तोंड व क्रँकच्या भोकाचा तळ किती आत आहे. आकडेमोडीवर विश्वास नसेल तर बुशाच्या मागे भोकाच्या तळाला मेणाची छोटी गोळी चिकटवा, क्लच न लावता बॉक्स चढवून चारही बोल्ट हाताने आवळा आणि परत उतरवा. मेण किती दाबलं गेलं ते बघा, तीनेक एमएम जाड राहिलं असेल तर उत्तम. अजिबात दाबलंच नाही तर टोक कुठपर्यंत पोचलं ते बुशाच्या आतल्या खुणेवरून कळेल, बुशाला आधीच थोडा निळा रंग लावून ठेवा. बुशाच्या निम्म्याहून कमी लांबीत टोक बसत असेल तर लेथवर लांब बुश करून घ्या.

बॉक्स गाडीखाली नेऊन आवळताना तो स्वतःहून फेसला टेकला पाहिजे. बोल्टने ओढून टेकवावा लागत असेल तर थांबा, काहीतरी अडतंय.

सातपूर_फिटर

उद्यमनगरच्या भाऊंनी मापांचं सांगितलंच, मी गिअरिंगचं सांगतो कारण बसलं तरी चालेल का हा वेगळा प्रश्न आहे.

तुमच्या सीजे३बी ला मागेपुढे ५.३८ चा क्राऊन पिनियन (डिफरन्समधली गिअरची जोडी) आहे, म्हणजे ४३ दात आणि ८ दात. आधी कोणी बदललाय का ते बघा, चाक एक फेरा फिरवून प्रॉपलर (चाकांकडे जोर नेणारा लांब शाफ्ट) किती फिरतो ते मोजलं तरी अंदाज येतो (एकच चाक उचललं असेल तर आकडा निम्मा येतो, दोन्ही उचला आणि दोन्ही बरोबर फिरवा). टायर ६.००-१६ असतील तर खडूने खूण करून गाडी ढकला, एका फेऱ्यात साधारण सव्वादोन मीटर जाते. टी-९० चा तिसरा गिअर डायरेक्ट आहे, म्हणजे इंजिन आणि प्रॉपलर सारखेच फिरतात. आता हिशोब करा, ३००० आरपीएम ला गाडी ७५ च्या स्पीडला असते. हरिकेन ४००० पर्यंत ओढतं म्हणजे कागदावर १०० निघतात.

एमडीआय ३२०० आरपीएम ला संपतं. त्याच टी-९० आणि ५.३८ वर ते बसवलं तर पूर्ण दाबून ८० च्या स्पीडला जाईल आणि पुण्याच्या रस्त्यावर ६०-६५ ला सुद्धा इंजिन रडत राहील. एक्सडीपी ४५०० पर्यंत फिरणारं आहे, त्याला ५.३८ जास्त मानवतो. बोलेरोचा पाच गिअरचा बॉक्स आला की हा प्रश्न सुटतो असं वाटेल, पण त्याबद्दल खाली कोणीतरी लिहिलच.

टॉर्क पण बघा. हरिकेनचा साधारण १५५ न्यूटन मीटर, तेवढा टी-९० घेतोच. एक्सडीपीचा १२० च्या आसपास, म्हणजे बॉक्सला भार नाही, पण तुम्हाला मात्र गाडी पेट्रोलपेक्षा ताकदवान होईल असं वाटत असेल तर तसं होणार नाही, ६२ हॉर्सपावर आहे ते आणि हरिकेन ७२. बोलेरोचं टर्बो एमडीआय १८० न्यूटन मीटर देतं आणि तेही १५०० आरपीएम च्या आसपासच. चिखलात लो गिअर टाकून पहिल्यात उचललं तर टी-९० चा पहिला २.८, ट्रान्सफर केसचा लो २.४६ आणि मागे ५.३८, मिळून ३७ पट होतं. एवढा जोर ट्रान्सफर केसच्या इंटरमीडिएट शाफ्टवर आणि मागच्या हाफ शाफ्टवर येणार. पन्नास वर्षांचे शाफ्ट आहेत. मी हे करायला कोणालाही सांगणार नाही.

मावळ_फोरबायफोर

बोलेरोच्या बॉक्सचं मी सांगतो. टू व्हीलचा बॉक्स घेऊन तुमचं फोर बाय फोर संपलं, हे मेस्त्रीने सांगायला हवं होतं. टी-९० च्या पाठीला स्पायसर १८ थेट आवळलेला असतो आणि त्याचा पहिला गिअर टी-९० च्या मेन शाफ्टच्या मागच्या स्प्लाइनवरच बसतो. मध्ये जॉइंट वगैरे काही नाही. बोलेरोच्या टू व्हील बॉक्सला मागे लांब टेल आणि त्यात सरकता योक (प्रॉपलर धरणारा काटा). त्याला स्पायसर लावायचा तर मेन शाफ्टच वेगळा पाहिजे.

बरं फोर बाय फोर सोडून द्यायचं ठरवलं तरी तुमचा मागचा डिफरन्स मध्यावर नाही, एका बाजूला आहे, कारण स्पायसरचं आउटपुट एका बाजूने निघतं. बोलेरोच्या बॉक्सचं मधून निघतं. मग प्रॉपलर तिरका जाणार, वरून खाली पण आणि डावीउजवीकडे पण. आणि सीजे३बी चा व्हीलबेस फक्त ८० इंच. लांब बॉक्स टाकला की मागे प्रॉपलरला हातभर जागा उरते आणि तेवढ्यात तो अँगल घेणार, क्रॉस (प्रॉपलरचे सांधे) किती टिकतील तुम्हीच सांगा.

हेच अ‍ॅडॉप्टर प्लेटला पण लागू आहे, कमी प्रमाणात. बॉक्स जेवढा मागे तेवढा मागचा प्रॉपलर आखूड आणि पुढचा लांब करायला लागणार. गाडी जमिनीवर, लोड टाकून, स्लिप जॉइंट (प्रॉपलरचा सरकता सांधा) किती आत आहे ते बघून मग कापायचा. क्रॉसमेंबर आणि ट्रान्सफर केसचं फाउंडेशन पण सरकतं. इंजिन पुढे सरकवून जमवायचं म्हटलं तर रेडिएटर आणि फॅन आडवे येतात.

आमच्या ओळखीतल्या एकाने साधारण अशाच जीपला प्लेट करून डिझेल बसवलं, एका गॅरेजने नुसता पुठ्ठ्याचा छाप घेऊन गॅस कटरने प्लेट कापली होती. सुरुवातीला चांगली चालली. मग चढाला तिसरा गिअर आपोआप सुटायला लागला, मग क्लच दाबला की किरकिर आवाज. उतरवलं तर पायलट बुश अंडाकृती झालेलं, त्याची पितळी भुकटी क्लचमध्ये पसरलेली, आणि टॉप शाफ्टचं बेअरिंग हाताने हलत होतं. सगळे म्हणत होते गिअरबॉक्स खराब आहे. गिअरबॉक्स चांगला होता, सेंटर चुकलेलं होतं. दुसरा बॉक्स टाकला असता तर तोही तसाच गेला असता.

कागद_आधी

मापं घ्याच पण आरटीओचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितोय. पेट्रोलच्या जागी डिझेल म्हणजे आरसी वरचं इंधन बदलतं, इंजिनाचा प्रकार बदलतो आणि नंबर बदलतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ याच्यासाठीच आहे. आधी परवानगी, मग काम, आणि बदल केल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसी वर नोंद. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल चालणार नाही असा निकाल दिला, तेव्हापासून आरटीओ याबाबतीत कडक आहेत. तुमची गाडी १५ वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी रजिस्ट्रेशन नूतनीकरणाला नेणार, तिथे इंजिन नंबर बघतात. नोंद नसेल तर अडकली गाडी. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं तेच बघणार, शेतात माणसं बसवून नेता तुम्ही, त्यांचा विचार करा.

त्याच जातीचं इंजिन, म्हणजे हरिकेनच्या जागी हरिकेन, हे त्यामानाने सोपं. नंबर बदलाची नोंद करायची. त्यालाही जुन्या इंजिनाचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिचे कागद लागतील, ते भंगारवाल्याकडून आधी घ्या, नंतर तो फोन उचलत नाही.

भोरचा_सीजे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल व्हर्नियर घेऊन दोन्हीकडे जाऊन आलो.

बोलेरोचं सोडलं. मावळच्या दादांनी सांगितलं तसंच आहे, मागे लांब टेल, स्पायसर लावायला जागाच नाही.

एक्सडीपीची पाठ बघितली. आमच्या बेल हाउसिंगचा पुठ्ठ्यावर छाप घेऊन गेलो होतो (फक्त बघायला, प्लेट कापायला नाही). दोन डॉवेलपैकी एकही जुळत नाही. फ्लायव्हील आहे, प्रेशर प्लेट आहे, स्टार्टर नाही. वर भंगारवाला म्हणतो कागद नाहीत, पण इंजिन शंभर टक्के क्लिअर आहे. कागद नाहीत तर क्लिअर कसं, असं विचारलं तर विषय बदलला. तिथून निघालो.

निघताना त्याच्याच मागच्या शेडमध्ये एक हरिकेन दिसलं, हेडसकट, मागे हाउसिंग पण लागलेलं. त्याचे कागद आहेत, ज्या जीपमधून काढलं तिची आरसी रद्द केल्याचं पत्र बघितलं. क्रँक हाताने फिरतो. हे घेतलं तर डोळे झाकून बसेल ना? का इथेपण काही मोजायचं?

उद्यमनगर_लेथ

डोळे झाकून काहीच नाही दादा, पण हे घ्यायच्या लायकीचं वाटतंय.

फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मोजा. विलीजच्या वेगवेगळ्या काळातल्या फ्लायव्हीलना ९७, १२४, १२९ असे वेगवेगळे दात आहेत. तुमचा स्टार्टर ज्या रिंगचा त्याच दातांची रिंग पाहिजे, नाहीतर एकदोनदा चालू होईल आणि मग दात खाईल. जमत नसेल तर फ्लायव्हील आणि स्टार्टर दोन्ही तुमच्या जुन्या इंजिनाचे वापरा, फक्त क्रँकच्या फ्लँजवर फ्लायव्हील बसवल्यावर डायल लावून फेस बघा. क्लच प्लेटचं माप पण त्याच फ्लायव्हीलवरून घ्यायचं. पायलट बुश नवीनच टाका, स्वस्त असतं, तेलात रात्रभर बुडवून मग ठोका.

हाउसिंग लागलेलं आहे म्हणताय तर तेही तुमचं जुनं आणि हे शेजारी ठेवून खोली मोजा, रिलीज बेअरिंगचा (क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगचा) फोर्क कुठे टेकतो ते बघा. क्लचचं लिंकेज तुमचं जसं आहे तसंच त्याला लागतंय का ते तिथेच बघून घ्या. डॉवेल पिना जागेवर आहेत ना? भंगारात काढताना पिना पडतात आणि कोणी परत टाकत नाही, मग तेच सेंटर चुकायचं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हेड उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. तुमचा ब्लॉक जिथे फुटला तिथेच हेही फुटतात. एक्झॉस्ट सीटच्या आजूबाजूला कार्बन खरवडून, रॉकेलने पुसून, खडूची पूड लावा. तडा असेल तर थोड्या वेळात रॉकेल पाझरून खडूवर ओली रेघ उठते. चारही सिलिंडरला बघा. बोअरला वर कडा किती झालीय ते नखाने कळेल, पिस्टनवर ओव्हरसाइजचा आकडा छापलेला असतो, ६० लिहिलेलं असेल तर पुढे बोअर करायला फारसं उरलेलं नाही, मग स्लीव्ह (सिलिंडरच्या आत नवी नळी) टाकावी लागेल.

भंगारवाला हेड उघडू देत नसेल तर ते सोडा, तुमचा स्वतःचा ब्लॉक इकडे पाठवा. सीटजवळचा तडा छोटा असेल तर थंड स्टिचिंग (तड्यावर धातूच्या पिना बसवून शिवण) करून वर सीट इन्सर्ट बसवता येतं, वेल्डिंग न करता. तड्याचा जवळून फोटो टाका, बाजूला पट्टी ठेवून, म्हणजे लांबी कळेल. पाण्याच्या जॅकेटपर्यंत गेलाय ते ऑइलवरून दिसतंयच, पण बोअरच्या भिंतीत उतरलाय का ते बघायचंय.

भोरचा_सीजे

हेड उघडू देतो म्हणाला, रविवारी खडू, रॉकेल आणि डायल गेज घेऊन जातोय. तड्याचा फोटो आज संध्याकाळी टाकतो, बोअरच्या बाजूने पण टॉर्च मारून काढतो.